ल्हाबाच्या गालातलं विष

यांगडोलच्या घरात मुंगीला शिरायला जागा नव्हती. ल्हाबाच्या, म्हणजे देव अंगात येणाऱ्या टुंडुपच्या दर्शनाला अख्खं थारचुंग गाव लोटलं होतं. हा बाबा तांब्याची नळी रोग्याच्या पोटाला लावून चोखायचा आणि वाटीत काळंकुट्ट विष थुंकायचा. लोक तोंडात बोटं घालायचे.

आज समोर यांगडोलची सून चांदमुनी होती. रस्त्याच्या कामाला झारखंडहून आलेली ही पोर इथल्याच मेंढपाळाशी लग्न करून राहिली. नवरा कळप घेऊन लांबच्या कुरणावर गेलेला. आठवा महिना, ओठ निळे, आणि तिची भाषा समजणारं गावात कुणी नाही.

"खिंड चढताना तुम्हाला धाप लागते?" ल्हाबा गरजला.

"नाही!" जमलेले लोक म्हणाले.

"हिला बसल्या जागी लागते! डोंगर हिला ओळखत नाही. हिच्या रक्तात विष आहे. सात दिवस उंबरठा ओलांडू देऊ नका!"

मागे भिंतीला टेकून दवाखान्याची नर्स कुन्झेस उभी होती. तीन वर्षं ती रोज दवाखाना उघडून एकटीच बसायची. आज सकाळी तिने चांदमुनीच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला, तर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा अडुसष्ट. लेहचे डॉक्टर फोनवर म्हणाले, आजच्या आज खाली आणा. जीप दारात उभी होती आणि दुपारनंतर बर्फाने खिंड बंद होणार होती. यांगडोल मात्र म्हणाली, आधी ल्हाबाला विचारू.

ल्हाबाने भिंतीकडे तोंड करून देवाचा मुकुट चढवला. वळला तो नुसता हुंकारत. मुकुटापूर्वी धबधब्यासारखा बोलणारा देव मुकुटानंतर मुका का होतो, हे कुन्झेसने मागच्या तीन खेपांना हेरलं होतं. तिने लोणी-मिठाच्या चहाचा पेला भरला.

"घ्या, ल्हाबा-ले."

त्याने पेल्यावर हात धरला. सगळे हसले, कारण दोनतीनदा नको म्हणणं ही इथली रीतच. दुसऱ्यांदा नको, तिसऱ्यांदाही नको. चौथ्यांदा नाकारणं म्हणजे घराचा अपमान.

"यांगडोल आमा-लेच्या घरचा चहा देवाला चालत नाही वाटतं?" कुन्झेस म्हणाली.

यांगडोलचा चेहरा पडला. "घ्या की हो!" गर्दी ओरडली.

घ्यावाच लागला. कढत घोट आत गेला, बाबाला ठसका लागला आणि काळा ओघळ हनुवटीवरून दाढीत उतरला.

"नळी अजून लावलीच नाही की," कुन्झेस म्हणाली. "मग हे विष कुणाचं?" तिने ते बोटांवर चोळून दाखवलं. चुलीची काजळी आणि सातूचं पीठ, लोण्यात मळून गालात दडवलेलं; कढत चहाने ते वितळलं होतं.

कोपऱ्यातला म्हातारा आधी हसला, मग सगळेच. बाबा मुकुट काखेत मारून सटकला.

"पण धाप तर खरी ना?" यांगडोल हट्टाने म्हणाली.

"धाप खरी. इथली हवाच विरळ आहे. आपले पूर्वज पहिल्यांदा इथे चढले, तेव्हा त्यांनाही लागली. किती आया, किती लेकरं गेली. ज्यांच्या रक्ताला ही हवा सोसली त्यांची मुलं जगली. असं हजारो वर्षं चाललं, तेव्हा कुठे आपण झालो. या उंचीवर हिचं रक्त दाट होतं आणि पोटातल्या बाळाला हवा पुरत नाही. तुम्ही उन्हाळ्यात हिच्या गावी जा, मग बघू तिथलं ऊन तुम्हाला ओळखतं का!"

यांगडोल सुनेला धरून जीपमध्ये बसली.

बाकीचे कुन्झेसकडे न बघता पांगले. लबाड असला तरी ल्हाबा पाहुणा होता, आणि घरच्या चहाने त्याची फजिती केलेली गावाला रुचली नाही. अकरा दिवस दवाखान्यात पूर्वीसारखंच चिटपाखरू फिरकलं नाही. आता झऱ्यावरही बायका तिला पाहून गप्प व्हायच्या. आपण बरोबर होतो, एवढ्यावर माणसाला जगता येत नाही, हे तिला फार लागलं.

बाराव्या दिवशी खिंड मोकळी झाली आणि यांगडोल परतून थेट दवाखान्यात आली. "मुलगी झाली. एवढीशी आहे, पण किंचाळते! दोघी खालीच राहतील." मग तिने बोट पुढे केलं. "माझंही बघ."

"सत्त्याऐंशी. इथे हे चांगलं."

यांगडोल आकड्याकडे बघत राहिली. "माझी दोन लेकरं पाळण्यात गेली. मला वाटायचं, डोंगर माझ्यावर रागावला."

"कुणी रागावलं नव्हतं, आमा-ले."

म्हातारी बराच वेळ रडली. कुन्झेसने तिचा हात सोडला नाही.

उठताना यांगडोल दारात थांबली. "उद्या शेजारच्या नोरझोमला आणते. चौथा महिना आहे तिला. देवाला नमस्कार करूच, पण आधी मोजून घेऊ."