बारीतला कॅसिओ

धाकूने भिंतीतल्या सॉकेटमधून वायर उपटली आणि सुगंधाचा सूर मध्येच तुटला. तिची बोटं तरी कॅसिओच्या पट्ट्यांवर थोडी पुढे गेलीच. नुसती टकटक झाली. तालमीला टाळ घेऊन बसलेली मंडळी हसली.

"बघलात?" धाकू म्हणाला. "वीज गेली की मुको. ह्याका भातो नाय, वारो नाय. श्वास खंयसून घेतलो हो खोको? उचल तो."

चहाची किटली घेऊन विमला दारातच थांबली. तिच्या नवऱ्याच्या, बाळाच्या, मांडीवर मृदंग होता. सुगंधा आळीपाळीने बापाकडे आणि काकाकडे बघत होती. तेरा वर्षांची पोर, दोन वेण्या घट्ट बांधलेल्या, बरी दिसावी म्हणून आईने नेसवलेलं परकर-पोलकं. सकाळपासून तिला घास गेला नव्हता.

"दादा, एक गजर ऐकून तर घे," बाळा म्हणाला. "तुझ्याच चालीवर बसवलाय तिने."

"माझ्या चालीर? माका विचारल्यात? चेडवाक बारीत बसवशात आणि समोरचो बुवा माझ्या तोंडार हसतलो. ऑर्केस्ट्रा हा काय हो?"

विमला थोरल्या दिरासमोर सहसा तोंड उघडत नसे. त्या दिवशी तिने किटली खाली ठेवली.

"भावजी, पोरीला नाही म्हणा. पण चार माणसांत वायर कशाला उपटायची?"

"वायर माझ्या खोलयेतली. मी उपटीन नायतर लावीन."

बाळाने मांडीवरचा मृदंग उतरवला, गवसणी घातली आणि तो भावाच्या पुढ्यात ठेवला. "मग माझीही थाप नाही," एवढंच बोलून त्याने कॅसिओ काखेत मारला. तिघं बाहेर पडली. जायचं होतं तरी कुठे? असल्फ्याच्या त्या चाळीत दोन्ही भावांच्या खोल्या लागून होत्या, मधे एक पत्र्याची भिंत.

तो कॅसिओ बाळाने शेजारच्या मुलाकडून मस्कतहून आणवला होता. त्यासाठी साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये त्याने किती रविवार लेथवर काढले ते विमलाच जाणे. तिने स्वतः दोन दिवाळ्या नवं लुगडं नेसलं नाही. चाळीत त्यावरून कमी बोललं गेलं नाही. "विमल, लेकीला स्टेजवर नाचवणार काय गं?" असं नळावर सुंदराबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने विचारायची. "नाचवीन," विमला म्हणायची, "तू पडदा ओढायला ये." बादली भरायची आणि मागे न बघता चालू लागायची. सुगंधा रेडिओवर एकदा ऐकलेलं गाणं दुसऱ्या खेपेला वाजवायची, हे नळावरच्यांना सांगून काय कळणार होतं?

पण घरातलं माणूस असं बोललं ते लागलं. धाकूची बायको वारल्यापासून तो विमलाकडेच जेवायचा. त्या संध्याकाळी तिने नेहमीसारखं ताट वाढून पाठवलं, ते झाकलेलं तसंच परत आलं. दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून स्टोव्हचा आवाज आला, मागोमाग करपल्याचा वास. विमलाने पुन्हा ताट पाठवलं नाही. खाऊ दे करपलेलं, असं ती मोठ्याने म्हणाली. पत्र्याच्या भिंतीतून ते पलीकडे गेलं असणार, आणि जावं म्हणूनच ती म्हणाली होती.

माघी गणपतीला मैदानात डबलबारी ठरली होती. कोकणातली माणसं मुंबईत आली तशी डबलबारीही आली. दोन भजनी बुवा समोरासमोर बसतात. पहिला आपली पाळी गातो, मग दुसरा. अभंग, गवळण होईपर्यंत सगळं देवाचं. गजराला आलं की देव बाजूला राहतो आणि बुवा एकमेकांची सालं काढतात. कोणाचं काय चुकलं, कोण कुठे पळाला, सगळं चालीत बांधून लोकांसमोर. दुसऱ्याने आपल्या पाळीत त्याला जबाब द्यायचा. जो गप्प बसला तो हरला.

धाकूच्या समोर मालाडचे सीताराम बुवा होते. भांडण झाल्याचं त्यांच्या कानावर गेलं आणि ते आपण होऊन बाळाच्या दारात आले. स्वच्छ धोतर, गोड बोलणं.

"मुलीला माझ्याकडे बसवा. माझ्या डाव्या हाताला. माईक स्वतंत्र."

बाळा कचरला. "दादाच्या समोर?"

"दादाने वायर उपटली ना?" विमला म्हणाली. "बसेल ती."

मालाडला तालमीसाठी विमलाच तिला घेऊन जायची. बुवांची बायको चहा-पोहे द्यायची, बुवा सुगंधाला शाबासकी द्यायचे. विमलाला वाटायचं, असं आपल्या घरात का होऊ नये? एकदा बुवांनी पान लावता लावता सहज विचारलं,

"तुमच्या भावजींना एवढा ताठा कशाचा हो?"

"ताठा?" विमला फणकारली. "गिरणीच्या संपात सगळे उपाशी बसले होते तेव्हा आमचे भावजी मागच्या दाराने पाळीवर जायचे. चाळीत सांगायचे, भांडुपला वॉचमन आहे. त्यांनी कसला ताठा दाखवायचा?"

बुवांनी पानावरचा चुना नीट सारखा केला. "असं होय," म्हणाले आणि विषय बदलला. बसस्टॉपवर उभी असताना विमलाला वाटलं, आपण बोललो ते बरं नाही केलं. मग बस आली.

बारी रविवारी दुपारी होती. मैदान गच्च भरलं होतं, निम्मे लोक बंद पडलेल्या गिरण्यांतले. एका बाजूच्या स्टेजवर धाकू पेटी पुढे घेऊन बसला होता. मृदंगावर बाळाच्या जागी चेंबूरहून आणलेला कोणी परका होता. समोरच्या स्टेजवर सीताराम बुवा, आणि त्यांच्या डाव्या हाताला सुगंधा. कॅसिओखाली बुवांनी लाल मखमल घातली होती. बाळा आणि विमला पुढच्या सतरंजीवर बसली. धाकूने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. असं, जणू तिथे नुसती सतरंजीच आहे.

पहिली पाळी सीताराम बुवांची. गवळणीत सुगंधाने बासरीचा आवाज लावला तेव्हा मागून शिट्टी आली. बाळाने विमलाच्या कोपराला धरलं, मग लोक आहेत हे लक्षात येऊन सोडलं.

गजर सुरू झाला. बुवांनी सुगंधाकडे बोट केलं. "घरातला सूर आमच्याकडे का आला ते ह्यांना विचारा," असं म्हणून हशा घेतला. मग हात वर करून ताल चढवला:

"पुढल्या दारी सगळे बसले उपाशी नि ताठ,
मागल्या दारी कोण गेला दाखवुनिया पाठ?"

कोरसने उचललं. एकदा, दोनदा. पहिल्यांदा लोकांना कळलं नाही. मग कोणीतरी ओरडलं, "संपाचं बोलतोय रे! धाकू गिरणीत जात होता!" आणि मैदानात हुर्यो उठली. ती थट्टेची नव्हती. मागची दोन माणसं उभी राहिली. ज्यांची घरं त्या संपात बसली होती त्यांची तोंडं विमलाला ओळखता येत होती.

सुगंधा वाजवतच होती. शब्द तिच्यापर्यंत पोचत नव्हते, की पोचत होते? मान खाली होती.

बाळा बायकोकडे वळला. "हे ह्याला कोणी सांगितलं?"

विमलाने पदर तोंडाशी धरला.

"विमल, मी विचारतोय."

"मी."

बाळाने दादाच्या स्टेजकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाला, "तो कोणासाठी गेला, तेही सांगितलंस?"

ते तिने सांगितलं नव्हतं. बाळाही तेव्हा गिरणीतच होता; तो संपाला चिकटून बसला होता, हटणार नाही म्हणाला होता. तो वर्षभर उपाशी राहिला असता आणि त्याच्याबरोबर ती आणि पोर. तांदळाची पिशवी धाकू आणायचा. चुलीशी ठेवायचा आणि म्हणायचा, बाळाक सांगू नको खंयसून इले ते. बाळाला ते माहीत होतं. माहीत नसल्यासारखा तो जेवायचा.

"आता दादा बोलेल," बाळा म्हणाला.

"बोलू दे."

"एक ओळ पुरे त्याला. ह्यांच्या पोटासाठी गेलो, म्हणेल. सगळं मैदान त्याचं होईल. आणि आपण..." त्याने सुगंधाकडे मान केली. "पोरीला खाली आण."

"नाही आणणार," विमला म्हणाली. "ती तिच्या जागेवर बसलीय. ऐकायचं ते आपण ऐकू."

धाकूची पाळी सुरू झाली. अभंग त्याने आटोपता घेतला. लोक कुजबुजत होते, एकदोन ठिकाणांहून "मागल्या दारी" असं मुद्दाम येत होतं. गवळण त्याने सोडूनच दिली. थेट गजराला आला, तसं मैदान गप्प झालं. सीताराम बुवा पुढे झुकले. त्यांना जबाब हवा होता. त्याचाही जबाब त्यांनी तयार ठेवला असणार.

धाकूने भाता उघडला आणि बोलला नाही. त्याने पेटीवर एक तुकडा वाजवला. सरळ चढत जाऊन मधेच उलटा वळणारा, अवघड, शेवटी खाली येताना एक सूर मुद्दाम टाळणारा. विमलाने भिंतीपलीकडून त्याची सगळी वाजवणूक ऐकली होती. हा तुकडा कधी ऐकला नव्हता. धाकूचा हात थांबला. त्याने माईक जवळ ओढला.

"सीताराम बुवांका माझो जबाब नाय."

लोकांत चुळबूळ झाली. "हरला, हरला," कोणी म्हणालं.

"त्यांच्या डाव्या बाजूक वाजवणारी बाई बसली हा," धाकू म्हणाला. त्याच्या आवाजात काही मऊ नव्हतं. "तिका विचारतंय. मगासपासून लय बासरी-बिसरी केल्यात. आता ह्यां वाजवन दाखवा."

बाई. दाखवा. समोरच्या बुवाला म्हणावं तसं. विमलाने बाळाकडे पाहिलं. त्याने डोळे मिटले होते.

सीताराम बुवांनी स्वतःच्या माईकवर हात दाबला. "वाजवायचं नाही," ते सुगंधाला म्हणाले, पण तिच्या माईकने ते सगळ्यांना ऐकवलं. "आपली पाळी नाही. त्यांनी नियम मोडलाय. गप्प बस."

सुगंधाने वर पाहिलं. आईबाप पुढ्यातच होते. विमला अर्धी उठली, हाताने काहीतरी खूण करावी म्हणून. कसली, ते तिलाही माहीत नव्हतं. पोरीची नजर त्यांच्यावरून पुढे गेली आणि समोरच्या स्टेजवर जाऊन थांबली. मग तिने आपोआप ताल देणारं बटण बंद केलं, मखमल ओढून बाजूला टाकली आणि कॅसिओ मांडीजवळ घेतला.

ती चढत गेली, उलटं वळणही तिने घेतलं. खाली येताना मात्र चुकली. ज्या सुराला टाळायचं त्याच्यावरच पडली. मैदानात हशा पिकला.

धाकू हसला नाही. तो वाट बघत राहिला, भात्यावरचा हात तसाच.

"बस्स?" त्याने माईकवर विचारलं. "इतक्याच?"

विमलाच्या अंगाची लाही झाली. एवढ्या लोकांत, एवढ्याशा पोरीला! ती स्टेजच्या दिशेने निघाली होती, पण बाळाने तिचा पदर धरला. सुगंधाने कपाळावरचा घाम पोलक्याच्या बाहीला पुसला. तिचे ओठ घट्ट मिटले होते आणि डोळे असे पेटले होते, जसे विमलाने ते कधी पाहिले नव्हते.

"परत वाजवा," ती माईकवर धाकूला म्हणाली.