पंधरा टक्क्यांची बचत

ऊर्जा-तपासणी सोमवारी होती. त्याआधीचा आठवडाभर ऑपरेटरने तळघरातल्या प्लांट रूममध्ये मुक्कामच ठोकला. नऊ मजली ऑफिसची इमारत थंड ठेवणाऱ्या दोन्ही चिलरच्या नळ्या त्याने ब्रशने घासून काढल्या, गळका व्हॉल्व्ह बदलला, मजल्यामजल्यावरचे सेन्सर स्वतःच्या थर्मामीटरशी ताडून पाहिले. तपासायला बायकोचा धाकटा भाऊ येणार होता. सासरच्या माणसापुढे आपल्या कामात खोट निघू नये, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

मेहुण्याने तीन दिवस मोजमापं घेतली आणि बुधवारी दुपारी येऊन उलट्या बादलीवर बसला.

“दाजी, हे काय करून ठेवलंत?”

“का? काही राहिलं?”

“काहीच राहिलं नाही, तेच तर रडगाणं आहे. चालवण्याच्या खर्चात पंधरा टक्के बचत दाखवू, असं मालकाला कबूल केलंय आम्ही. सापडतेय जेमतेम दोन. लोक वर्षभराची घाण आमच्यासाठी राखून ठेवतात, आणि तुम्ही?”

“पाहुणे येणार म्हणून घर झाडलं.”

“झाडलंत ते झाडलंत. आता पंप पूर्ण वेगाने सोडा, चिलरचं पाणी दोन अंश खाली आणा. उद्या मी पुन्हा मोजतो, परवा तुम्ही पूर्ववत करा. दोघंही सुटू.”

ऑपरेटर चिंधीला हात पुसत राहिला. “एकोणीस वर्षं इथे आहे. मुद्दाम वाईट चालवायला मला जमायचं नाही.”

“मग मला बचत दुसरीकडून काढावी लागेल.”

“काढ की. तुला कोण अडवतंय?”

महिन्याने अहवाल आला. यंत्रणा उत्तम स्थितीत असल्याने सततच्या देखरेखीची गरज नाही, असं त्यात लिहिलं होतं. स्वयंचलित नियंत्रण बसवावं, ऑपरेटरची पदं रद्द करावीत. बचत, पंधरा टक्के.

बायकोने भावाला फोन लावला. तो म्हणाला, “ताई, मी दाजींना मार्ग सांगितला होता.”

फोन ठेवून ती नवऱ्याकडे वळली. “सांगितला होता?”

“हो.”

नंतरचे कित्येक दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात नवी यंत्रणा बसवणारी बाई लॅपटॉप घेऊन आली. तो काय केव्हा चालू करतो, त्या सगळ्या वेळा तिला हव्या होत्या.

“सातवा मजला, पूर्वेकडचा पंखा?”

“सव्वाआठ. त्या बाजूला सकाळी ऊन लवकर...”

“कारण नको, काका. फक्त वेळ सांगा.”

“सव्वाआठ.”

“पश्चिमेकडचा?”

हा एक आकडा चुकीचा सांगावा, असं त्याच्या मनात आलं. तोवर तोंडातून बरोबर वेळ निघून गेली होती आणि बाई पुढच्या रकान्यावर पोचली होती.