पोस्टातल्या बाईंचं माप

मित्रांनो, मी एका शिंप्याची मापांची जुनी वही आहे. आधीच सांगून टाकते, मी फार मत्सरी आहे.

वह्या बांधणाऱ्याने मला लाल कापडी पुठ्ठा चढवला आणि मी मास्तरांच्या कटिंगच्या टेबलावर आले. मग बावीस वर्षं अख्ख्या गल्लीची छाती, कंबर, बाही माझ्या पोटात! कोण सुटलं, कोण खंगलं, सगळं मला ठाऊक. पण मी कधी ब्र काढला नाही. दुसरं गिऱ्हाईक आत आलं की मास्तर उघड्या पानावर तळहात ठेवत. "वही म्हणजे माझी तिजोरी," असं ते म्हणायचे, तेव्हा मी फुगून जायचे.

पोस्टातल्या बाईंचा डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली आहे. लहानपणापासून त्यांची पाठ वाकडी. मास्तर त्यांच्या कोटात डावीकडे कापसाची गादी शिवत. ही गोष्ट बाईंना, मास्तरांना आणि मला, एवढ्या तिघांनाच माहीत होती.

मग मास्तरांच्या सूनबाईंनी टॅबलेट आणला. "बाबा, यात नुसतं बोला, तो आपोआप लिहून घेतो." मास्तर हरखले. त्याला रोज मऊ फडक्याने पुसू लागले, आणि माझ्यावर चहाचा कप टेकवू लागले. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

माझी सगळी पानं त्याला वाचून दाखवली गेली, बाईंचं नाव, फोन नंबर आणि खांदासुद्धा. ही माहिती इतरांना देऊ का, असं त्याने विचारलं. मास्तरांनी चष्मा न लावताच 'होय' दाबलं.

महिन्याभराने बाई तावातावाने दुकानात आल्या. "मास्तर, ऑफिसात सगळ्यांना मोबाइलवर भाचीच्या बाळाचे फोटो दाखवत होते. मध्येच जाहिरात आली, वाकड्या पाठीसाठी पट्टा! मग खांद्याच्या गाद्या. शेजारची म्हणते, अगबाई, तुला लागतं का हे? कुणाला सांगितलंत तुम्ही?"

"आईशप्पथ, कुणालाच नाही," मास्तर म्हणाले. मग त्यांची नजर टॅबलेटकडे गेली.

खोटं कशाला बोलू? मला आनंद झाला. बरी जिरली मेल्याची, आता मास्तर पुन्हा मलाच जवळ घेतील, असं मनात आलं. बाई मात्र हाताने डावा खांदा झाकून उभ्या होत्या. ते पाहून माझी मलाच लाज वाटली.

मास्तरांनी घाईघाईने टॅबलेटमधलं माप पुसलं.

"सगळीकडून गेलं?" बाईंनी विचारलं.

आतून आलेल्या सूनबाई खाली मान घालून म्हणाल्या, "इथून गेलं. पुढे कुठे कुठे पोचलंय, ते नाही सांगता येत."

बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "निदान यातलं तरी माझं मला द्या."

मास्तरांनी माझं पान फाडून त्यांच्या हातात दिलं. बावीस वर्षं तोंड मिटून बसले होते हो मी! पण बाईंचा आता कुणावरच विश्वास उरला नव्हता, माझ्यावरही नाही.

मित्रांनो, मास्तर अजूनही त्या टॅबलेटलाच पुसतात आणि मी अजूनही जळते. तरी माझं एवढं ऐका. 'होय' दाबण्यापूर्वी चष्मा शोधा, नीट वाचा. आणि माप दुसऱ्याचं असेल, तर आधी त्या माणसाला विचारा. बाईंना कुणी विचारलंच नव्हतं.