दुधाची सायकल आणि घागरींची वाट

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. माझा रंग कुठं संपतो आणि गंज कुठं सुरू होतो, हे आता मलाही नीट सांगता येत नाही. पण एके काळी पठारावरच्या वस्तीतलं दूध मी रोज सकाळी तामलवाडीच्या डांबरी रस्त्यावर पोचवत होते.

सोलापुरातल्या एका दुकानात माझे सुटे भाग जोडले गेले. वस्तीतल्या बारा घरांनी मिळून दूध संस्था काढली, तेव्हा संस्थेनं मला विकत घेतलं. मला चालवायचा रेवणसिद्ध. पंचविशीचा, काटक आणि कामाला चोख. मागं दोन्ही बाजूंना किटल्या बांधून तो मला डोंगराच्या पायवाटेनं खाली आणायचा. दुधाची मोटार कोणासाठी थांबत नसे. तिच्या आधी पोचलो की लोक शाबासकी द्यायचे. त्या शाबासकीनं रेवणसिद्धचा वेग वाढत गेला आणि माझ्या ब्रेकचं रबर झिजत गेलं. "उद्या बदलू," असं तो रोज म्हणायचा.

ती पायवाट काही माझ्या एकटीची नव्हती. शेळ्या जायच्या, शाळेची मुलं जायची. शहाऐंशीच्या दुष्काळात वरच्या विहिरी आटल्या, तशा वस्तीतल्या बायका पायथ्याच्या विहिरीचं पाणी त्याच वाटेनं वर नेऊ लागल्या.

एका सकाळी आम्ही वळणावरून भरधाव उतरलो आणि समोर वस्तीतल्याच धुरपताबाई आल्या. त्यांच्या डोक्यावर दोन घागरी होत्या. रेवणसिद्धनं ब्रेक दाबला, पण मी थांबलेच नाही. माझं हँडल त्यांच्या कोपराला लागलं. त्या मटकन खाली बसल्या. घागरी गडगडत गेल्या आणि पाणी कोरड्या मुरुमात दिसेनासं झालं.

"मावशी, मोटार चुकंल म्हणून..."

"तुझी मोटार उद्या बी यील," कोपर धरून धुरपताबाई म्हणाल्या. "माझी सून चार दिसांची बाळंतीण हाय. घरात तांब्याभर पाणी न्हाय. पुन्हा दोन तास विहिरीवर बारीला बसू का?"

रेवणसिद्धनं त्यांना तसंच सोडून मला पुढं दामटलं. मला त्या दिवशी माझ्या चाकांची लाज वाटली.

दुसऱ्या सकाळी वळणावर बाभळीच्या काटेरी फांद्या आडव्या पडल्या होत्या. बायकांनी वाट अडवली होती. मोटार निघून गेली, बारा घरांचं दूध नासलं. संस्थेचे चेअरमन महारुद्रअण्णा संतापले.

"त्या बायकांची तक्रारच करतो!"

"नगं, अण्णा," रेवणसिद्ध खाली बघत म्हणाला. "चूक माझी हाय. म्या त्यांला उचललं बी न्हाय."

त्यानं आधी माझ्या ब्रेकचं रबर बदललं. मग मला हातात धरून तो विहिरीवर गेला आणि सगळ्या बायकांसमोर धुरपताबाईंची माफी मागितली.

"माफीचं ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "ही घागर घे डोक्यावर. चाल वर."

भरलेली घागर दोन्ही हातांनी सावरत रेवणसिद्ध चढू लागला. धुरपताबाई मला ढकलत मागून आल्या आणि अगदी त्याच्या पाठीशी येऊन त्यांनी माझी घंटी खणखण वाजवली. तो दचकला. अर्धं पाणी त्याच्या सदऱ्यात गेलं. बायका खळखळून हसल्या, आणि शेवटी तोही हसला.

"कळलं का? डोक्यावर ओझं असलं की मान वळवता येत न्हाय, उडी मारून बाजूला बी होता येत न्हाय. घंटी लांबून वाजव. चढणारं माणूस दिसलं की खाली उतर."

"व्हय मावशी. वळणावर पायीच येतो."

फांद्या निघाल्या. वळणावर तो मला हातात धरून नेऊ लागला. शेळ्या दिसल्या की एका कडेला उभा राहायचा, बायकांना डोंगराकडची बाजू द्यायचा. त्यात वेळ जायचा, म्हणून बारा घरांनी धारा थोड्या लवकर काढायला सुरुवात केली. मोटार पुन्हा कधी चुकली नाही. पुढच्या उन्हाळ्यात रोजगार हमीचं काम निघालं, तेव्हा धुरपताबाईंनी भांडून ते वळण आणखी दोन हात रुंद करून घेतलं. महारुद्रअण्णा तिथं दगड उचलायला स्वतः आले होते.

आता वस्तीपर्यंत गाडीरस्ता झाला आहे आणि मी गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी असते. माझ्यावर कोंबड्या बसतात. पण परवा रेवणसिद्धची थोरली नात आली, तिनं मला पुसलं आणि सायकल शिकवा म्हणून आजोबांकडं हट्ट धरला.

मित्रांनो, तुम्हीही सायकलवर बसाल. निघण्याआधी ब्रेक दाबून बघा. उतारावर समोरून कोणी चढताना दिसलं तर थांबा, एक पाय जमिनीवर टेका आणि त्याला जाऊ द्या. आणि तुमच्या गोठ्यात माझ्यासारखी एखादी पडून असेल, तर तिच्या चेनला तेवढं तेल घाला. आमच्यात अजून बरीच वाट शिल्लक आहे.