मांडवातला घोट

करमसिंगने प्लास्टिकची खुर्ची अशी मागे लोटली की ती भिंतीवर आपटली.

"पूर्वजांना पाणी पाजू? तुम्ही देवाच्या दिव्यात तेलाऐवजी पाणी घालता का, नवनीतभाई?"

नंदुरबारच्या त्या माडीवर दारू सोडू पाहणारी माणसं दर गुरुवारी बसत. बैठक नवनीतभाई चालवायचे. माणूस वाईट नव्हता, पण एकदा उपदेश सुरू झाला की थांबायचं नाव नाही. आणि करमसिंगने मागितलं होतं तरी काय? उद्या धडगावकडच्या डोंगरात त्याच्या मुलीचं लग्न. मांडवात पूर्वजांच्या नावाने मोहाच्या दारूची धार जमिनीवर सोडायची, आणि ती बापानेच सोडायची. दारूने भरलेला पानाचा दोना हातात येणार, वास नाकात जाणार. तेवढा वेळ कुणीतरी एकाने शेजारी उभं राहावं, बस्स. तर म्हणे, दारूऐवजी पाणी सोडा!

"दारूला हात लावायचाच नाही, हा आपला नियम," नवनीतभाई म्हणाले. "नाहीतर जाऊच नका. तब्येतीचं कारण सांगा."

"मुलीच्या लग्नाला बापाने जाऊ नये? वा रे नियम!"

तो दणदण जिना उतरला. खाली चपला घालतोय तोच मागून अनीस आला. बैठकीतलाच, बाजारात पंपदुरुस्तीचं दुकान असलेला.

"मी येस तुन्हा संगे," अनीस म्हणाला. "उद्या शुक्रवार शे, मन्हं दुकान बंदच ऱ्हास."

"उपकार नको करू."

"गप बस. गाडी कवय निंघस ते सांग."

दुसऱ्या दिवशी मांडवात ढोल वाजत होता. करमसिंगचा मेहुणा वाहरू, त्याने पळसाच्या पानाचा दोना काठोकाठ भरून त्याच्या हातात दिला. वास आला तसं करमसिंगच्या तोंडाला पाणी सुटलं आणि त्याला स्वतःचाच संताप आला. त्याने पूर्वजांची नावं घेतली, धार सोडली. तळाशी घोटभर उरली. उरलेला घोट धार सोडणाऱ्यानेच प्यायचा, अशी रीत.

"घ्या दाजी," वाहरू म्हणाला. "शहरात जाऊन देवापेक्षा मोठे झालात का?"

सगळा मांडव बघत होता. करमसिंगने तो घोटही जमिनीवर ओतला.

"आज सगळी त्यांची!" तो ओरडला. "त्यांच्या वाट्याचीसुद्धा मी आधीच पिऊन बसलोय!"

 म्हाताऱ्यांपैकी एकाने होकारार्थी मान हलवली आणि ढोल पुन्हा सुरू झाला.

करमसिंगने शेजारी पाहिलं. अनीस घामाने भिजला होता. नजर दारूच्या हंड्यावर खिळली होती. सांभाळायला आलेल्यालाच सांभाळायची वेळ आली होती.

"अरे मूर्खा, आधी बोलायचं ना!"

त्याने अनीसचा दंड धरून त्याला बाहेर ओढलं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसवलं आणि पाण्याचा तांब्या हातात कोंबला.

"बोल. मी आहे."

"वास उना, आनि मन्हं डोकंच फिरी गयं," अनीस म्हणाला आणि हळूहळू बोलत राहिला.

थोड्या वेळाने वाहरू आला. हातात भरलेला दोना. करमसिंग ताडकन उठला. आज याच्या थोबाडीत द्यायचीच.

वाहरू दोन पावलांवर थांबला. कुणी ऐकत नाही ना, म्हणून त्याने मांडवाकडे वळून पाहिलं.

"दाजी," तो खालच्या आवाजात म्हणाला, "दारू सोडल्यावर पहिला दिवस कसा काढलात?"

करमसिंगची मूठ तशीच राहिली. अजून राग धुमसत होताच.

"तो दोना तिकडे ठेवून ये आधी," तो खेकसला आणि त्याला जागा करत ट्रॉलीवर सरकून बसला.