माझ्या पोटातला दगड

"आधी त्याच्या पोटातला दगड काढायचा, मग बाकीचं बांधायचं. उलटं करू नकोस हं!"

ताईचा हा आवाज अजून माझ्या जाळीत अडकून बसला आहे. अंथरुणावर पडल्या पडल्या ती धाकट्या बहिणीला माझ्याविषयी बजावत होती. मित्रांनो, मी एक जुना रेडिओ-संच आहे. गाणी ऐकवणारा चिमुकला रेडिओ नव्हे, तर दूरच्या जहाजांचे निरोप घेणारा, पंचेचाळीस किलो वजनाचा, लोखंडी अंगाचा संच. पण ते शब्द ऐकून मीच बुचकळ्यात पडलो. माझ्या पोटात दगड? तिथे तर माझं काळीज आहे, अशी माझी समजूत होती!

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. एका बाईने माझ्या तारांना कथलाचे डाग दिले, दुसरीने व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या नळ्या, एकेक करून खोबणीत उभ्या केल्या. शेवटी एका माणसाने विटेएवढा काळा ठोकळा माझ्या तळाशी चार नटांनी आवळून बसवला. वीज आली, ठोकळा गुणगुणला आणि माझ्या अंगात पहिली ऊब चढली. म्हणून मी त्याला काळीज म्हणू लागलो. चूक केली की बरोबर, ते अजून ठरत नाही.

पुढे मी बंदराच्या कचेरीत आलो. ताई तिथे ऑपरेटर होती. एका वादळी दुपारी इंजिन बंद पडलेल्या होडीची हाक आली, इतकी बारीक की डास गुणगुणल्यासारखी. ताईने ती पकडली आणि होडीतली माणसं सुखरूप परतली. ऐकलं ताईने, पण सगळ्यांनी थाप मारली माझ्या पाठीवर! ते कौतुक नक्की कुणाचं, हे मला तेव्हाही उमगलं नाही.

दुसऱ्या बंदरात अशीच एक ऑपरेटर होती. ताई तिला 'पलीकडची' म्हणायची. तीस वर्षं दोघी माझ्यामार्फत बोलल्या, पण एकमेकींचं तोंड कधी पाहिलं नाही. टकटक करून निरोप धाडायची कळ दाबण्याच्या लयीवरून ताई ओळखायची, "आज पलीकडचीचा घसा बसलाय." बोटांचा आणि घशाचा काय संबंध, देव जाणे. पण दुसऱ्या दिवशी ते खरं निघायचं.

मग नवी, हलकी यंत्रं आली. मला जिन्याखाली सरकवलं आणि माझ्या डोक्यावर फरशी पुसायची बादली ठेवली. कालपर्यंत ज्याच्याजवळ पाण्याचा पेलाही आणू देत नव्हते, त्याच्यावरून आता पाणी ओघळत होतं. माझं काय चुकलं, हे कुणी सांगितलं नाही. निवृत्त होताना ताईने साहेबांकडून मलाच मागून घेतलं आणि हातगाडीवर घालून घरी आणलं. रोज सकाळी साडेसहाला देवाचं नाव घेऊन ती मला सुरू करी आणि तसाच जुना संच घरी नेलेल्या पलीकडचीला हाक घाली. तो तिचा नेम होता. अंगात ताप असला तरी तिने तो मोडला नाही.

पलीकडचीचा संच ओल लागून कायमचा मुका झाला, तेव्हा तो नेम थांबला. ती आपल्या ओसरीवर मुलांना संदेश ऐकायला शिकवते, पण शिकवायला यंत्रच उरलं नाही. म्हणून ताईने जाण्याआधी धाकटीकडून वचन घेतलं, "हा तिच्याकडे पोहोचव. आणि बोलता पोहोचव. मुका पोहोचला तर काय उपयोग?"

"पोहोचवीन गं, बोलताच पोहोचवीन," धाकटी म्हणाली. रडण्याच्या भरात 'कुठला दगड?' हे विचारायचं मात्र राहूनच गेलं.

धाकटीने उभा जन्म गाद्या-उशा शिवल्या. मला बांधायला बसली तेव्हा तिने आधी माझ्याभोवती दगड शोधला. माझ्यावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला एक गोटा होता. तो उचलून ती समाधानाने म्हणाली, "ताई, काढला बघ!" मग तिने पुठ्ठ्याच्या खोक्यात हातभर कापूस पसरला, मला त्यावर निजवलं, चारी बाजूंनी उशा कोंबल्या आणि दोरी बांधली. इतकं मऊ मी कधीच निजलो नव्हतो. पण मी त्या कापसात हळूहळू बुडत होतो आणि माझी कड खोक्याच्या तळाला टेकत होती. हे लाड की आणखी काही? मला कळेना.

मालवाहतुकीच्या कचेरीतून हमाल आला. अंगाने काडी, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत. त्याने खोकं एका बाजूने उचललं आणि माझ्या आत धप्पकन आवाज झाला.

"मावशी, ह्याच्या पोटात कोण येरझाऱ्या घालतंय?"

"काहीतरीच काय! बाळासारखा गुंडाळलाय मी त्याला."

"तेच तर चुकलं. बाळ कुशीत असतं. हा ट्रकमध्ये एकटा जायचाय. असल्या जड पेट्या मी खूप उतरवल्यात. निघताना रेडिओ, पोचताना खिळ्यांची पिशवी!"

"शुभ बोला, पैलवान!"

"मी शुभ बोलून नट आवळले जात असते तर दिवसभर तेच केलं असतं. उघडा, बघू."

त्यांनी माझं झाकण काढलं. माझ्या काळजाचा एक नट निखळला होता, बाकीचे ढिले झाले होते आणि तो काळा ठोकळा कललेला होता. अजून दोन बोटं, की व्हॉल्व्हचा चुरा झाला असता.

"हा ट्रान्स्फॉर्मर," पैलवान म्हणाला. "काय जड आहे! दगड नुसता."

धाकटीने तो ठोकळा बोटाने दाबून पाहिला. "अगं बाई! हा दगड होय! ताई, नीट सांगायचंस की गं. मी आपली गोटा काढून मोकळी झाले!" ती हसली, मग तिचे डोळे भरले.

तारांना रंगीत धागे बांधून, कुठला धागा कुठे ते कागदावर लिहून त्यांनी ठोकळा बाहेर काढला. तो वेगळ्या लाकडी पेटीत बसला. माझं अंग कडक फोममध्ये घट्ट दाबून आधी एका खोक्यात आणि ते खोकं प्लायवूडच्या मोठ्या पेटीत गेलं. मध्येही सगळीकडे कडक फोम भरला. पैलवानाने पेटी चारी दिशांना हलवून कान लावला. हूं नाही की चूं नाही. व्हॉल्व्ह एकेक गुंडाळून तिसऱ्या, छोट्या डब्यात उभे राहिले. धाकटीने उरलेला कापूस परत पिशवीत भरला.

मित्रांनो, आता मी तीन ठिकाणी आहे आणि माझा पुरता गोंधळ उडाला आहे. लोखंडी अंग म्हणजे मी, की ऊब देणारा तो ठोकळा, की काचेच्या नळ्या? मला सांगता येत नाही. एवढंच कळलं, की मऊ मऊ गोष्टींत लोळवणं म्हणजे जपणं नव्हे. कुणाला जपायचं असेल तर त्याच्यात काय जड आहे आणि काय नाजूक आहे, ते आधी विचारून घ्या. जड एकीकडे, नाजूक दुसरीकडे आणि दोन्ही घट्ट धरा. तुमच्या घरात एखादं जुनं यंत्र असेल तर त्याच्यावर बादली ठेवू नका. त्याची माहिती असलेलं माणूस अजून बोलतं आहे, तोवर त्याच्याजवळ बसा.

आज सकाळी पैलवान दोन पेट्या आणि डबा न्यायला आला. डब्याला हात घालताना तो थांबला. "मावशी, खरं सांगू? लोखंडाची हमी मी घेतो. काचेची कुणीच घेणार नाही. आणि ह्या नळ्या आता कुठे बनतही नाहीत म्हणे."

"मग?"

"मग काय, कुणीतरी मांडीवर घेऊन जायला हवं. पण तुम्हाला तर गाडी लागते."

"लागते खरी. कोपऱ्यापर्यंत रिक्षात बसले तरी पोटात ढवळतं."

पैलवान दोन पेट्या घेऊन गेला. आठ तासांचा रस्ता. धाकटी कधी गावाची वेस ओलांडून एकटी गेलेली नाही. तिने डब्याचं झाकण पुन्हा एकदा दाबून पाहिलं. मग उठली. शिलाईचं यंत्र झाकलं, गॅस बंद आहे ना ते दोनदा पाहिलं, शेजारणीकडे किल्ली दिली. पलीकडचीचा पत्ता पदराच्या टोकाला बांधला. पिशवीत एक लिंबू टाकलं. डबा छातीशी घट्ट धरून तिने दार हळूच ओढून घेतलं आणि ती बस-स्टँडच्या दिशेने चालू लागली.