तीन पायल्यांचं बिऱ्हाड

ह्यातलं एक अक्षर खोटं असंल तर माझी जीभ जात्यात घालून दळा.

इंग्रजांचा अंमल होता तवाची गोष्ट. पोलादपुरावरच्या डोंगरवाडीतल्या चंद्रभागेचा महिपती पुण्याला कॉलेजात होता. फी भरायचा त्याचा चुलता भागोजी, मुंबईच्या गिरणीतल्या पगारातनं. पोटाचं चंद्रभागा बघायची. म्हयन्याला पायलीभर नाचणी दळून महाडच्या अब्बासच्या मोटारीत ठेवायची. मोटार घाट चढून पुण्याला जायची, पोरगं हातानं भाकऱ्या थापून खायचं.

दिवाळीनंतर महिपतीची चिठ्ठी आली, दोन पायल्या धाड. पौषात दुसरी आली, तीन धाड. ती वाचली सुटीवर आलेल्या भागोजीनं.

"वयनी, एकटा जीव तीन पायल्या खाईल? बिऱ्हाड केलंय त्यानं."

"नाचणी खाणारी बाई पुण्यात कुठं गावली त्याला, भावोजी?"

"तेच बघा. तसं निघालं तर फी बंद. गिरणीत माझ्या बाजूला उभा करीन."

चंद्रभागेनं परत आलेली रिकामी थैली हुंगली. वासाच्या तेलाचा घमघमाट. त्यात अब्बासनं भर घातली, "मावशी, सांगू का नको असं झालंय. परवा पोराच्या अंगात कोट, मनगटावर घड्याळ. सायब समजून मीच बाजूला झालो."

मग ती स्वतःच मोटारीत बसली. घाटाच्या वळणावळणाला एकेक सून डोळ्यांपुढं यायची. त्यातली एक तर चष्मेवाली होती.

खोलीवर गेल्या गेल्या तिनं उशी उलटली, खाटेखाली वाकून फुटकी काकणं शोधली. काय नाय. महिपती चुलीपुढं बसून भाकऱ्या थापत होता. तेवढ्यात तिघं पोरं दारात आली. एकानं कोट ठेवला, दुसऱ्यानं घड्याळ, तिसऱ्यानं तेलाची बाटली. तिघांनी भाकऱ्यांना हात घातला.

"हा काय बाजार रे?"

"भाडं, आये. कोटाला दिवसाच्या दोन भाकऱ्या, घड्याळाला दोन, तेलाला एक. तालमीच्या वस्तादानं सांगितलंय ह्यांना, नाचणीनं मनगट भरतं."

"आणि तू काय खातोस?"

"पेज."

तिनं त्याचं मनगट धरलं. तिची दोन बोटं त्याच्याभोवती फिरून वर उरली.

"कोट कशाला हवा तुला?"

"नसला की वर्गात बाजूला कोण बसत नाय. मला डोंगरी बोलतात."

"आणि घातल्यावर?"

महिपतीनं इचार केला. "कोटातला डोंगरी."

चंद्रभागेनं कोट, घड्याळ, बाटली ज्याच्या त्याच्या हातात दिली. "भाकरी मिळंल रे बाबांनो. पण न्यायची नाय. हितं, ह्याच्या बाजूला मांडी घालून खायची."

कोटवाला कोट झटकून निघून गेला. दोघं बसले. महिपती खुदकन हसला आणि त्यानं पहिली भाकरी मोडली.

घरी येऊन ती भागोजीला बोलली, "बिऱ्हाड हाय खरं. तीन तोंडं. पण तिन्हींना मिशा फुटतायत." भागोजीनं फी भरली.

सगळं शंभर टक्के खरं. फक्त ते महिपतीचं हसणं मी पदरचं घातलं. तो भाकरी हातात घेऊन, कोट गेला त्या दाराकडं बघत बसला होता.